धुक्याचा किनारा धुक्यातच पाहावा

जुलै-ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील किनाऱ्याने जाऊ नका, धुक्यात काही म्हणता काही दिसत नाही, असा सल्ला बे एरियातील आपली मराठी मंडळी एकमेकांना अगदी मनापासून देतात. भारतातून आई-बाबा आले की योसेमिटी, लास वेगास आणि लॉस एंजेलिस एवढे ठरलेले असते, आणि किनारा राहिलाच तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लख्ख उन्हावर ढकलला जातो. मला हा सल्ला पटत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा पॉइंट रेयसपासून मेंडोसिनोपर्यंत हायवे १ ने गाडीने गेलो. बहुतेक वाट धुक्यातली होती, आणि परतल्यापासून माझे मत आणखी पक्के झाले आहे: या किनाऱ्याचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने तो धुक्यातच पाहावा, कारण त्या इतिहासाचा बराचसा भाग धुक्यानेच घडवला आहे.

आपल्या कोकणात भर उन्हाळ्यात असे धुके समुद्रावरून येत नाही, कारण अरबी समुद्राचे पाणी उबदार असते. इथे मात्र वसंत ऋतूपासून वाहणारे वायव्येचे वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातले थंडगार पाणी वर येते. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा या पाण्यावर थंड झाली की धुके तयार होते, आणि आतल्या खोऱ्यांत उन्हाने तापलेली हवा वर चढू लागली की ते जमिनीकडे ओढले जाते. पाऊस जवळजवळ नसलेल्या या महिन्यांत रेडवूडची प्रचंड झाडे याच धुक्याचे पाणी पितात. म्हणजे ज्या जंगलासाठी पुढे इथे गिरण्या आणि गावे उभी राहिली, ते जंगलसुद्धा धुक्यावरच जगते.

पॉइंट रेयसचे दीपगृह १८७० साली सुरू झाले. पॅसिफिक किनाऱ्यावरील सर्वाधिक वाऱ्याच्या आणि धुक्याच्या जागांपैकी ही एक जागा आहे. दीपगृह म्हटले की ते टेकडीच्या माथ्यावर असणार असे आपण गृहीत धरतो, पण हे दीपगृह कड्याच्या माथ्यापासून ३०० हून अधिक पायऱ्या खाली, खडक तासून केलेल्या जागेवर बांधलेले आहे. असे का, याचे उत्तर निरभ्र दिवशी माहितीफलकावर वाचायला मिळते. धुक्याच्या दिवशी ते अंगावर येते. वर माथ्यावर आम्हांला हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नव्हते, नवऱ्याला चष्मा पुन्हा पुन्हा पुसावा लागत होता, आणि कठड्याच्या लोखंडी नळीवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. बऱ्याच पायऱ्या उतरल्यावर धुके डोक्यावर राहिले आणि खाली राखाडी समुद्र, त्यावरच्या फेसाच्या रेषांसह, स्वच्छ दिसू लागला. धुके बहुधा उंचावर तरंगते म्हणून प्रकाश त्याच्या खालून जावा, हा बांधणाऱ्यांचा विचार त्या एका क्षणात समजला. फ्रान्समध्ये बनवलेली तिथली मूळ भिंगे आजही जागेवर आहेत आणि ती जवळून पाहण्यासाठी तरी थांबायलाच हवे.

तिथून उत्तरेला फोर्ट रॉस. रशियन-अमेरिकन कंपनीच्या इव्हान कुस्कोव्ह यांनी १८१२ साली ही वसाहत वसवली. तिची दोन प्रयोजने होती: समुद्री पाणमांजरांची कातडी मिळवणे आणि अलास्कातील वसाहतींसाठी धान्य पिकवणे. पाणमांजरे काही वर्षांतच जवळजवळ संपली, आणि धान्याचे म्हणाल तर किनाऱ्यावरचे धुके, जमीन पोखरणारे उंदरासारखे प्राणी आणि शेतीच्या अनुभवाची उणीव यांमुळे गव्हाचे पीक कधीच पुरेसे आले नाही. अखेर १८४१ साली ही वसाहत जॉन सटर यांना विकून रशियन निघून गेले. लाकडी तटबंदीच्या आत, ओलसर पांढऱ्या हवेत उभे राहिल्यावर इथे गहू का पिकला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र बहुतेक पर्यटक तोफा आणि चर्च पाहून परत फिरतात, याचे मला वाईट वाटते. ही भूमी कशाया पोमो लोकांची होती, त्यांचे मेतिनी हे गाव याच जागी होते, अलास्कातून आणलेल्या मूलनिवासी शिकाऱ्यांशी आणि रशियनांशी त्यांची लग्ने झाली, आणि त्यांचे वंशज आजही याच परिसरात राहतात. ‘रशियन किल्ला’ एवढीच ओळख घेऊन परतणे म्हणजे गोष्टीचा अर्धा भाग तिथेच टाकून येणे होय.

पॉइंट एरिनाचे दीपगृह १९०६ च्या भूकंपानंतर नव्याने बांधावे लागले. तिथे आम्ही थोडाच वेळ थांबलो, कारण मला ओढ होती ती मेंडोसिनोजवळच्या पॉइंट कब्रिलोची. हे दीपगृह १९०९ चे आहे. त्याच्या मुख्य इमारतीत केवळ दिवा नव्हता. जहाजांना धुक्यात इशारा देणारे भोंगे चालवण्याची यंत्रेही तिथेच होती. पण मी इथे आले ती एका जहाजासाठी. ‘फ्रॉलिक’ हे दोन डोलकाठ्यांचे जहाज २५ जुलै १८५० रोजी रात्री इथून अगदी जवळ खडकावर आदळले. बोस्टनच्या एका व्यापारी पेढीचे हे जहाज १८४४ साली बाल्टिमोर इथे बांधले गेले होते, आणि त्याचे काम होते मुंबईहून माळव्याची अफू चीनला पोहोचवणे. पुढे या व्यापारात वाफेवरची जहाजे आली आणि ‘फ्रॉलिक’ मागे पडले. म्हणून सोन्याच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोला लोटलेल्या गर्दीसाठी चिनी माल भरून ते निघाले होते.

पुढच्या वर्षी त्या मालाच्या शोधात आलेल्या माणसांना माल फारसा मिळाला नाही, पण रेडवूडचे जंगल दिसले, आणि १८५२ साली मेंडोसिनोत लाकूड कापण्याची गिरणी उभी राहिली. माल आधीच पोमो लोकांनी वाचवून नेला होता. १९८० च्या दशकात आमच्या सॅन होजेच्या विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ थॉमस लेटन यांना किनाऱ्यापासून बरेच आत, त्या लोकांच्या एका जुन्या वस्तीच्या जागी चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले, आणि त्यांच्या मागावरून हा सारा प्रवास उलगडला. बाटलीच्या हिरव्या काचेपासून त्या लोकांनी बाणांची टोके घडवली होती. मला या साऱ्या कथेत ती टोके सर्वांत मोलाची वाटतात, कारण फुटलेल्या जहाजातून आलेली वस्तू त्यांनी आपल्या हाताने, आपल्या पद्धतीने आपलीशी केली.

मुंबईचे नाव या किनाऱ्याशी असे जोडलेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनशी चालणाऱ्या कापूस आणि अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्याच संपत्तीतून जे. जे. रुग्णालयाला देणगी मिळाली, हे आपण मुंबईत राहूनही सहसा बोलत नाही. त्याच व्यापाराचे एक टोक कॅलिफोर्नियाच्या खडकांत अडकून एका गावाच्या जन्माला कारण झाले, हे दादर-गिरगावातून आलेल्या आई-बाबांना त्या जागी उभे करून सांगण्यासारखे आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे: रस्ता बहुतांश दुपदरी आणि वळणांचा आहे, धुक्यात वेग कमीच ठेवावा लागतो, आणि बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला नेटवर्क नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पॉइंट रेयसच्या पायऱ्या जोराचा वारा असेल तर बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा तपासा आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना वरच थांबू द्या. पॉइंट कब्रिलोला वाहनतळापासून दीपगृहापर्यंत साधारण अर्धा मैल चालावे लागते, पण वाट सोपी आहे. स्वेटर ऑगस्टमध्येही लागतो.