क्रिप्सची कप्तानी काढून कार्ल्टनचं काय भलं होणार आहे?

मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळींत कार्ल्टनवाले, म्हणजे इथल्या कार्ल्टन फुटी क्लबचे चाहते, बरेच आहेत, आणि 2025 चा मोसम संपल्यापासून त्यांच्यात एकच वाद चालू आहे: पॅट्रिक क्रिप्सने कप्तानी सोडावी की नाही. कुणाकडे बार्बेक्यूला जा, मुलांना ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटी सरावाला) घेऊन जा, विषय फिरून तिथेच येतो. तोंडी वादात कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. क्रिप्सची कप्तानी काढू नये. तो कुणाचा लाडका आहे म्हणून नव्हे. आपल्या टीमला जो रोग झालाय तो कप्तानीचा नाहीच, आणि चुकीच्या रोगावर औषध दिलं की मूळ दुखणं आणखी चार वर्षं अंगावर निघतं. कार्ल्टनने हे पूर्वी केलंय, आणि पुनःपुन्हा केलंय.

फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू, चार क्वार्टर, गोलला सहा गुण, थोडक्यात हुकलेल्या गोलला एक. कार्ल्टन हा इथला जुना, श्रीमंत, लाखाच्या वर सभासद असलेला क्लब. सोळा विजेतेपदं नावावर आहेत, पण शेवटचं 1995 चं. त्या वर्षी स्टीफन केर्नाहन कप्तान होता आणि फायनलला जिलाँगला आपण 61 गुणांनी हरवलं. पॅट्रिक क्रिप्सचा जन्मही 1995 चाच. म्हणजे आजच्या कप्तानाच्या अख्ख्या आयुष्याएवढा हा दुष्काळ आहे.

आता मुद्द्यावर येते. आपण सगळे क्रिकेटवर वाढलो. 1971 साली पतौडींच्या जागी वाडेकरांना कप्तान केलं, तेव्हापासून मराठी घरांत कप्तानीवर भांडणं होत आली आहेत, आणि त्यात गैर काही नाही. क्रिकेटमध्ये कप्तान खरोखरच सामना चालवतो. गोलंदाजी कुणाला द्यायची, स्लिप ठेवायची की काढायची, डाव कधी घोषित करायचा, हे सगळं त्याच्या हातात असतं. फुटीत तसं नाही. डावपेच आखणारा कोच बॉक्समध्ये नाहीतर बाउंड्रीजवळ बसलेला असतो. तिथून निरोप घेऊन रनर मैदानात धावतो. सामन्यात एका टीमला पंचाहत्तर अदलाबदली करता येतात, त्या कोण कधी करणार हे बाकावरून ठरतं. कप्तान स्वतःसुद्धा मध्येमध्ये बाहेर येऊन बसतो. टॉस जिंकल्यावर कुठल्या बाजूला खेळायचं, हा एकच निर्णय पूर्णपणे त्याचा.

मग कप्तान करतो काय? पुष्कळ करतो. सोमवारी सकाळी, शनिवारी हरून आलेल्या पोरांना उभं करतो. सरावात कोण अंग चोरतंय ते त्याला तोंडावर सांगतो. अंगावर तीन माणसं असताना चेंडूवर आधी स्वतः झेप घेतो, मग दुसऱ्याला घ्यायला सांगतो. या कसोटीवर क्रिप्स कुठे कमी पडला, ते मला कुणी दाखवून द्यावं.

21 ऑगस्ट 2022 चा सामना आठवा. त्या मोसमाची सुरुवात आपण दहापैकी आठ सामने जिंकून केली होती. शेवटच्या चार सामन्यांत एक विजय पुरला असता, फायनल्स (तेव्हा पहिल्या आठ टीमच त्या खेळत) पक्क्या होत्या. ओळीने तीन हरलो. चौथा एमसीजीवर, समोर कॉलिंगवूड. शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा आघाडी आपली होती. जेमी एलियटने शेवटच्या मिनिटांत गोल मारला आणि आपण एका गुणाने हरलो. पॉइंट्स बरोबरीचे असूनही पर्सेंटेजच्या (केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणाच्या) केसभर फरकाने बुलडॉग्ज आत गेले आणि आपण नववे राहिलो. त्या दिवशी अंपायरांनी ब्राउनलो पदकाची पूर्ण तीन मतं क्रिप्सला दिली. त्याच तीन मतांच्या जोरावर तो लॅकी नीलच्या पुढे गेला, 29 विरुद्ध 28, आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. टीम बुडत होती त्याच दिवशी कप्तान मैदानावरचा सगळ्यात चांगला खेळाडू होता.

ही एका दिवसाची गोष्ट नाही. 2024 मध्ये जूनअखेर आपण दुसऱ्या क्रमांकावर होतो. मग दुखापतींनी टीम पोखरली, घसरत घसरत आठव्या क्रमांकावर कसेबसे आत गेलो आणि ब्रिस्बेनमध्ये गॅबावर एलिमिनेशन फायनलमध्ये (हरलं की बाहेर) एका वेळी स्कोअर 60-0 होता. शून्य आपलं. त्याच मोसमात क्रिप्सला ब्राउनलोची 45 मतं पडली. त्याआधीचा विक्रम 36 चा होता! इतका मोठा मोसम आजवर मतांच्या हिशेबात कुणाचाच झालेला नाही, आणि टीम आठवी. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की दोष कप्तानात नाही, त्याच्या आजूबाजूला आहे, हे समजायला काय अडचण आहे?

2023 चं उलटं उदाहरणही घ्या. जूनमध्ये आपण पंधरावे होतो. आपल्याच लोकांनी आपल्याच टीमची हुर्यो उडवली होती. तेव्हाही "क्रिप्सला काढा" चाललं होतं. पुढे ओळीने नऊ सामने जिंकलो. फायनल्समध्ये सिडनीला सहा गुणांनी हरवलं, मेलबर्नला दोन गुणांनी, ब्लेक एकर्सच्या शेवटच्या क्षणातल्या गोलवर. थेट प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे अंतिम सामन्याच्या अलीकडचा सामना. तिथे ब्रिस्बेनकडून 16 गुणांनी हरलो. जूनमध्येही कप्तान क्रिप्स होता आणि सप्टेंबरमध्येही क्रिप्सच होता. बदललं होतं ते खेळायचं तंत्र आणि दुखापतींतून परतलेली माणसं.

आणि मग मार्च 2025, पहिलीच फेरी, रिचमंडविरुद्ध एमसीजी. आदल्या वर्षी तळाला राहिलेली रिचमंडची कोवळी टीम. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आपली आघाडी 41 गुणांची. हरलो 13 गुणांनी. मी तिथे होते. माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ चौथ्या क्वार्टरमध्ये दर मिनिटाला एकाच माणसाच्या नावाने ओरडत होते, आणि तो माणूस त्या वेळी दोन-तीन पिवळ्या-काळ्या जर्सींच्या खालून चेंडू उकरून काढून हँडबॉल करत होता. तो चेंडू ज्याच्या हातात जायचा तो लांब, आंधळी किक मारायचा, आणि रिचमंडचा बचाव ती अलगद झेलायचा. पुन्हा सगळं पहिल्यापासून. ओरडायचं होतं तर त्या किकवर ओरडायला हवं होतं. पण क्रिप्स सगळ्यांना दिसतो. सहा फूट पाच इंचांचा आहे, चेंडू असेल तिथे असतो, आणि टॉसला त्याचं तोंड टीव्हीवर असतं. राग काढायला तो सोपा सापडतो.

आपल्या क्लबचा इतिहास बघा. केर्नाहननंतर ब्रॅडली झाला, कुटुफिडीस झाला. मग क्रिस जड आला, सार्वकालिक थोरांत धरावा असा खेळाडू, त्याने कार्ल्टनकडून खेळताना 2010 चं ब्राउनलो घेतलं. मग मर्फी. मग 2019 पासून क्रिप्स आणि डॉकर्टी जोडीने, 2022 पासून एकटा क्रिप्स. कोचची यादी तर वाचवत नाही: पेगन 2007 मध्ये घालवला, रॅटन 2012, मॉल्टहाउस 2015, बोल्टन 2019, टीग 2021. एवढी माणसं बदलली. चढ आणि घसरण मात्र तशीच राहिली. 2002 मध्ये सॅलरी कॅप (खेळाडूंच्या पगाराची मर्यादा) मोडल्याबद्दल 9 लाख 30 हजार डॉलर दंड झाला, ड्राफ्टचे, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे, हक्क गेले, आणि तिथून जे खिळखिळं झालं ते आजतागायत नीट सांधलेलं नाही. 2018 मध्ये 22 पैकी दोन सामने जिंकलो होतो. त्या चिखलातून जे थोडे उभे राहिले त्यांत क्रिप्स पहिला. दुसरीकडे जायचे रस्ते मोकळे असताना 2021 मध्ये त्याने 2027 अखेरपर्यंतचा करार केला. हे विसरणं कृतघ्नपणाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

"रिचमंडकडून शिका" असं सारखं म्हटलं जातं. जरूर शिकू. ट्रेंट कॉचिन 2013 पासून त्यांचा कप्तान. 2013, 2014, 2015 अशी सलग तीन वर्षं एलिमिनेशन फायनल हरला. त्यातली पहिली आपल्याविरुद्ध. 2014 मध्ये अ‍ॅडलेडला टॉस जिंकून त्याने वाऱ्याच्या विरुद्ध बाजू घेतली, पोर्ट अ‍ॅडलेडने पहिल्याच क्वार्टरमध्ये सामना खिशात घातला, हरले 57 गुणांनी. त्या टॉसवरून त्याला किती सोलून काढलं होतं! 2016 मध्ये रिचमंड तेरावे, शेवटच्या सामन्यात सिडनीने 113 गुणांनी धुतलं. कॉचिनमध्ये कप्तान होण्याचा दमच नाही, असं तेव्हा उघड बोललं जायचं. क्लबने कोच हार्डविकला ठेवलं, कॉचिनलाही ठेवलं. बदलले ते सहायक कोच, खेळण्याची पद्धत आणि मैदानावरची माणसं. 2017 मध्ये कप उचलला. मग 2019. मग 2020. तिन्ही वेळा कप्तान तोच.

विरुद्ध पक्षाचा सगळ्यात वजनदार दाखला पेंडलबरीचा आहे, त्याला बगल देणार नाही. कॉलिंगवूडमध्ये त्याने नऊ मोसमांनंतर कप्तानी सोडली, डार्सी मूर आला आणि त्याच वर्षी, 2023 मध्ये, कॉलिंगवूड जिंकलं. बरोबर. पण त्याच्या आधीची दोन वर्षंही बघा. 2021 मध्ये कॉलिंगवूड सतरावे. 2022 मध्ये नवा कोच क्रेग मॅक्रे आला आणि टीम प्रिलिमिनरी फायनलला पोचली, तिथे सिडनीकडून एका गुणाने हरली. ही सतराव्या क्रमांकापासून तिथपर्यंतची उडी पेंडलबरीच्या कप्तानीत झाली. मूरच्या हातात चालती गाडी आली. शिवाय पेंडलबरीने स्वतः ठरवून पद सोडलं, कुणी हिसकावून घेतलं नाही.

क्रिप्सच्या जागी ज्याचं नाव घेतलं जातं त्या जेकब वायटरिंगबद्दल मला नितांत आदर आहे. बचावात मागे उभा राहून त्याला अख्खं मैदान समोर दिसतं, डोकं शांत आहे, आणि क्रिप्सला दर आठवड्याला जितका मार खावा लागतो तितका त्याला खावा लागत नाही. हा युक्तिवाद मला पटतो. उद्या क्रिप्स म्हणाला की आता वायटरिंगने सांभाळावं, तर सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवीन. पण हे क्रिप्सच्या तोंडून यावं, आणि ड्रेसिंग रूममधल्या पोरांच्या मनात असेल तर यावं. रिचमंडला हरलो, कुणाला तरी शिक्षा हवी, म्हणून नको.

खरे प्रश्न वेगळे आहेत आणि ते बोर्डाला, कोच मायकल वॉसला विचारायला हवेत. वॉस स्वतः ब्रिस्बेनच्या 2001, 2002, 2003 च्या सलग तीन विजेत्या टीमचा कप्तान. त्याला पक्कं ठाऊक असेल की त्या मिडफिल्डमध्ये त्याच्या जोडीला सायमन ब्लॅक, लॅपिन, अकरमॅनिस होते आणि वर कोचच्या खुर्चीत ली मॅथ्यूज होता. क्रिप्सच्या जोडीला सॅम वॉल्श धडधाकट असतो तेव्हा टीम वेगळीच दिसते. तो किती आठवडे धडधाकट असतो? जिंकलेला चेंडू गोलपर्यंत नेणारे चांगल्या पायाचे खेळाडू आपण इतकी वर्षं का घेतले नाहीत? आणि आता तर 78 गोल मारून कोलमन मेडल (मोसमातल्या सर्वाधिक गोलांसाठीचं) घेतलेला चार्ली कर्नो सिडनीला गेला. टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वानी सेंट किल्डाला गेले. सिल्वानी! ज्याचे आजोबा आणि वडील याच क्लबचे आदर्श, तो मुलगा दुसरी जर्सी घालणार. एकाच वर्षी तीन मोठी माणसं निघून जातात आणि आपण कप्तानाच्या नावावर हातघाईवर येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. माणसं का जातात हे विचारा. दुखापतींचं प्रमाण वर्षानुवर्षं एवढं का, हे विचारा. चाळीस गुणांची आघाडी असताना खेळ संथ करायची, चेंडू आपल्याकडे राखून ठेवायची तालीम होते का, हे विचारा.

ज्यांना अजूनही क्रिप्सला काढायचं आहे, त्यांनी खाली एवढंच लिहावं: रिचमंडविरुद्ध हाफ टाइमनंतर कप्तान म्हणून त्याने नेमकं काय करायला हवं होतं, जे वायटरिंगने किंवा वॉल्शने केलं असतं? "लीडरशिप दाखवायला हवी होती" हे उत्तर धरणार नाही. नेमकी गोष्ट सांगा. मी प्रत्येक कॉमेंटला उत्तर देईन.