निवांत नेमकं कोण होतं?

सुटीत अमळनेरला आले की दोन दिवसांच्या आत कोणीतरी हमखास म्हणतं, "कशी राहतेस गं तिकडे? नुसती पळापळ. त्यापेक्षा आपलं खान्देश बरं, निवांत." म्हणणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि बहुतेक वेळा ओट्यावर बसलेला असतो. सिंगापूरला संसार मांडून आता बरीच वर्षं झाली, तरी या वाक्याला तोंडावर उत्तर देता आलेलं नाही. म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

पळापळ आहे, हे आधी कबूल. रिचर्ड वाइझमन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 2007 साली ब्रिटिश कौन्सिलला सोबत घेऊन जगातल्या 32 शहरांत माणसांची चाल मोजली होती. गर्दीच्या फुटपाथवर 60 फूट अंतर चालायला किती वेळ लागतो, एवढंच बघायचं. सिंगापूर पहिलं आलं, सरासरी 10.55 सेकंद. नव्यानं गेले तेव्हा हा आकडा माहीत नव्हता, पण पाठीमागून येणाऱ्या लोकांचा श्वास मानेवर जाणवायचा. सरकत्या जिन्यावर उभं राहायचं तर डावीकडे, उजवी बाजू चालणाऱ्यांची. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, गेटपाशी पोचायच्या आधी कार्ड हातात हवं. पर्समध्ये कार्ड शोधत गेटसमोर उभी राहिले, तर कोणी काही बोलायचं नाही, पण मागची अख्खी रांग शेजारच्या गेटला वळायची. त्यापेक्षा शिवी परवडली.

सगळ्यात घाम फोडला तो कॉफीने. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नासेक गाळे. कॉफीच्या गाळ्यावर एक म्हातारे चिनी अंकल, समोर ही रांग. माझा नंबर आला की मी आपलं शाळेत शिकलेलं पूर्ण इंग्रजी वाक्य सुरू करायची. कृपया मला दूध घातलेली, पण साखर जरा कमी अशी एक कॉफी... वाक्य संपायच्या आत अंकल मागच्याची ऑर्डर घेऊन मोकळे. ऐकून ऐकून शिकले. नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क, 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोपी सी' म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वरून साखर, आणि 'सिउ दाय' जोडलं की साखर कमी. 'कोपी सी सिउ दाय', चार शब्द, पैसे पुढे, कप हातात. ज्या दिवशी अंकलनी मान वर न करता मला कप दिला, त्या दिवशी इथली झाले असं वाटलं.

सूर्याशी मात्र अजून पटत नाही. तिथलं घड्याळ 1982 पासून एक तऱ्हेने पुढे ढकललेलंच आहे, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो. पोरं मिट्ट काळोखात दप्तर घेऊन बसस्टॉपवर. आपल्याकडे उजाडलं की उठायचं. तिथे आधी उठायचं, मग उजाडायची वाट बघायची.

तर हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतोच. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती माझे आईवडील तिकडे आले तेव्हा लक्षात आली. मला वाटलं होतं, माय गांगरून जाईल. जन्मात सरकता जिना न चढलेली बाई. पहिल्या जिन्यापाशी अडखळली, पदर सावरला, दुसऱ्या जिन्याला माझ्या पुढे. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच तिला म्हणत होते, माय, हळू चाल. ती म्हणाली, "गाडी येई ऱ्हायनी ना?" गर्दीच्या वेळी गाडी दोन-तीन मिनिटांनी येते, ही गेली तर दुसरी, असं समजावलं. तिला पटलं नाही. आलेली गाडी सोडायची कशी? तिचा जन्म नळाच्या वेळा पाळण्यात गेलेला. पाणी येईल तेव्हा घरातली सगळी भांडी भरून झाली पाहिजेत, मग ते रात्री दोनला येवो. पाणी, चूल, भाकरी, पोरांचे डबे, ऊन चढायच्या आत शेत, कापूस फुटला की वेचणी, आणि वेचणी किलोवर, म्हणजे हात थांबला की मजुरी थांबली. या बाईला सिंगापूरचा वेग तो काय शिकवणार?

अप्पा मात्र पहिले आठ दिवस हैराण. रस्त्यावर कोणी थांबत नाही, कोणी 'कुठले तुम्ही' विचारत नाही. मग त्यांना आमच्या इमारतीचा व्हॉइड डेक सापडला. तिथले बहुसंख्य लोक सरकारी एचडीबी इमारतींत राहतात आणि त्यांचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. आमच्याकडे तिथे दगडी टेबलं आहेत, त्यावर पटाच्या रेघा कोरलेल्या. सकाळपासून चिनी आजोबा पट मांडून बसतात. अप्पांना त्यांची भाषा येत नाही, खेळही येत नाही. तरी रोज नाश्ता करून जायचे, जेवायला परत यायचे. एका आजोबांनी त्यांच्यासाठी स्टूल राखून ठेवायला सुरुवात केली होती. जगातल्या सगळ्यात वेगवान शहरात आमच्या अप्पांना बरोबर त्यांचा ओटा सापडला.

त्या टेबलांवर एकही बाई नव्हती, हेही सांगून ठेवते.

तेव्हापासून 'निवांत खान्देश' ऐकलं की मी मनात विचारते, निवांत कोण होतं? दुपारी पंचेचाळीस अंश तापमानात लिंबाखाली बाज टाकून कोण झोपायचं आणि त्याच वेळी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, कोण वाळत घालायचं? हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या घ्या. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजतात पुरुष, बडगीत ठेचतात पुरुष, फोटो टाकतात पुरुष. कळण्याच्या पुऱ्यांचा डबा मात्र घरूनच येतो, आणि तो कोणीतरी भल्या पहाटे उठून भरलेला असतो. वाइझमनच्या माणसांनी चाल मोजताना हातात सामान असलेले लोक सोडून दिले होते, एकट्या आणि मोकळ्या हातांनी चालणाऱ्यांचीच मोजली. बरोबरच आहे, शास्त्राला ते लागतं. पण आमच्या गल्लीत मोजायची म्हटलं असतं तर मोकळ्या हाताची बाईच मिळाली नसती.

आता कोणी म्हणेल, ही तिकडची आरती ओवाळायला बसली. थांबा जरा.

सिंगापूरचा वेगही कोणाच्या तरी पाठीवर उभा आहे. नवरा-बायको दोघं आठच्या गाडीला पळू शकतात, कारण घरात इंडोनेशियाची नाहीतर फिलिपिन्सची एक बाई पोराला दूध पाजत असते. आमच्याकडेही होती, मुलगा लहान असताना. तिची स्वतःची मुलगी तिच्या आईकडे वाढत होती. या बायकांना आठवड्याला एक सुटी द्यायचा कायदा तिथे 2013 साली आला, तोही पैसे देऊन सुटी विकत घ्यायची पळवाट ठेवून. महिन्यातली निदान एक सुटी पैशांवर भागवता येणार नाही, हे व्हायला 2023 उजाडलं. रविवारी ऑर्चर्ड रोडला जा. चकाचक मॉलच्या बाहेर, झाडाखाली, पुठ्ठे आणि चटया अंथरून या बायका बसलेल्या असतात, डबे उघडून, एकमेकींचे केस विंचरत. त्या शहरात मी पाहिलेला खराखुरा निवांतपणा तोच. बांधकामावरचे आपले तमिळ, बंगाली भाऊ लॉरीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसून कामावर जातात, मोजायला आलेल्यांना तेही दिसत नाहीत.

म्हणून मला 'तिकडे घाई, इकडे शांती' ही वाटणीच मान्य नाही. शहराचा वेग अंगात भिनू द्यायचा की नाही, हा प्रश्न मागून येतो. आधी हे बघावं की घाई कोणाच्या वाट्याला टाकली आहे आणि बसून राहणं कोणाच्या. एक साधी गोष्ट तिथे मला फार आवडली. 2009 पासून रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर म्हाताऱ्यांसाठी सोय आहे. खांबावरच्या यंत्राला त्यांनी आपलं कार्ड लावलं की हिरवा दिवा 3 ते 13 सेकंद जास्त राहतो. आमच्या शेजारच्या आजी काठी टेकत, रमतगमत जातात आणि अख्खी वाहतूक उभी असते. कोणी हॉर्न देत नाही. वेगवान शहराने मुद्दाम ठरवून दिलेली ही सेकंदं आहेत. उलट आपल्याकडे एका दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला 'साहेब जेवायला गेले' म्हणून दुपारभर बाकावर बसवतात, त्याला कृपा करून संथ जीवन म्हणू नका. ते त्याच्याकडून घेतलेले तास असतात.

दुसरी गोष्ट ताटांची. 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये खाऊन झालं की आपला ट्रे आपणच रॅकवर नेऊन ठेवायचा असा नियम सक्तीने पाळायला लावतात, नाहीतर दंड. आमच्या घरात त्याची सवय लागली. मुलगा, नवरा, सगळे जेवून झालं की ताट उचलतात. मागच्या सुटीत धरणगावला सासरी वरण-बट्टीचा बेत होता. पुरुषांची पंगत आधी, बायकांची मग, दरवेळी तसंच. मी म्हटलं, या वेळी सगळे एकत्र बसू, ज्याला जे लागेल ते ज्याने त्याने उठून घ्यावं. दादांनी, म्हणजे मोठ्या दिरांनी, हसत हसत ऐकलं. स्वतः उठून वरण घेतलं, बट्टीवर तूप वाढून घेतलं, ताटही उचललं. दोन्ही पोरांनी त्यांचं बघून उचललं. मी खूश.

रात्री भांडी आवरताना जाऊबाई म्हणाल्या, "तू चार दिवसांसाठी येतीस. दादा तुझ्यासमोर ताट उचलतील, कौतुक होईल. तू गेल्यावर मी तेच सांगितलं तर 'सिंगापूरवालीचं वारं लागलं' असं मलाच ऐकावं लागेल. करायचंच असलं तर फोनवर दर आठवड्याला त्यांना विचारत जा, ताट उचललं का."

विचारते. दर रविवारी. दादा हल्ली माझा फोन आला की पोरांकडे देतात.