गाडीने परदेशी जायचंय? आधी स्टिकर छापा

साताऱ्याहून स्वतःची गाडी काढून नेपाळ-भूतान करायचं मनात आलंय ना, मग पहिलं काम स्टिकर. मागच्या काचेवर 'सातारा ते काठमांडू ते थिंपू', खाली नकाशा, त्याखाली चौघांचे इन्स्टा आयडी. एवढं झालं की अर्धी ट्रिप झाली, उरलेली अर्धी ग्रूपचा डीपी ठरवण्यात होते. कागदपत्रांचं काय, ते बॉर्डरवर बघू, नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का राव.

नकाशा फक्त स्टिकरवर ठेवा, उघडून बघू नका. आमच्या ग्रूपवर तीन आठवडे नेपाळमधून डायरेक्ट भूतानला उतरायचं ठरत होतं. मधे आपलाच देश लागतो, नेपाळच्या काकडभिट्ट्याला बाहेर पडून सिलिगुडी, जयगाव करत मग भूतानच्या फुंटशोलिंगला शिरायचं असतं, एवढं मी म्हणालो तर 'तू सुरुवातीपासून निगेटिव्ह आहेस' म्हणून मलाच गप्प बसवलं.

ओळखपत्र म्हणून आधार न्या. तिकडे मोठ्या माणसाला पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड मागतात, पण मागेनात का.

इन्शुरन्सची पॉलिसी वाचणं हे भित्र्या माणसाचं लक्षण आहे. बॉर्डर ओलांडली की साधी पॉलिसी कामाची राहत नाही, नेपाळ-भूतानसाठी जादा पैसे भरून ती वाढवून घ्यावी लागते, पण तेवढ्या पैशात रूफ कॅरियरला एलईडी बार बसतो. कुठलं दिसतं सांगा, पॉलिसी का लाईट?

भूतानमध्ये दर माणशी दर रात्री १२०० रुपये सरकारी फी आहे, हॉटेल-जेवण वेगळं. चौघं, सहा रात्री, म्हणजे २८,८००. हे बजेटमध्ये धरू नका, घरी कळलं तर सोडणार नाहीत. त्यापेक्षा कंदी पेढे घ्या दोन किलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आरसी. गाडी शक्यतो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असावी, मेहुण्याच्या असली तर उत्तमच, आणि ओरिजिनल कार्ड घरी कपाटात असावं. आमच्या गाडीमालकसाहेबांनी अगदी हेच केलं. निघायच्या आधी मी तीनदा विचारलं, बाबा, आरसी घेतलीस का, तर दरवेळी अंगठा. आपल्या बाजूच्या सोनौली बॉर्डरला पोचलो, पलीकडे नेपाळात बेलहियाला भन्सारची, म्हणजे त्यांच्या कस्टमची लाईन, गाडीसाठी किती दिवस राहणार ते आधी सांगून तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे असतात, लायनीत दीड तास उभं राहून आमचा नंबर आला आणि साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. डिजिलॉकर! त्या माणसाने शांतपणे ओरिजिनल मागितलं, त्यावर साहेब त्याला हिंदीत समजावतायत की हे आमच्याकडे पोलीसपण चालवून घेतात. अरे आपल्याकडे चालतं, तो देश दुसरा आहे, त्याचं घड्याळसुद्धा आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे! मग त्याने फोटो मोठा करून नाव वाचलं. नाव मेहुण्याचं. गाडी न्यायची परवानगी दिल्याचं मेहुण्याचं पत्र कुठाय? पत्र नाही. कार्ड साताऱ्यात, मेहुणा कराडला लग्नात, फोन बंद. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत आणि साहेब मला म्हणतात, 'तू जरा बोलून बघ की.' मी काय बोलू? मी काय त्यांचा पाहुणा आहे?

तीन दिवस. सोनौलीत लॉजवर तीन दिवस, डास, वीज जातीय-येतीय, आणि चौथ्या दिवशी कुरिअर गोरखपूरला आलं ते आणायला शंभरेक किलोमीटर मागे. बारा दिवसांच्या रजेत पोखऱ्याला एक रात्र मिळाली, तीपण ढगात. माछापुच्छ्रे शिखर बघितलं ते हॉटेलच्या कॅलेंडरवर. भूतान राहिलंच. स्टिकर मात्र अजून काचेवर आहे.

म्यानमार, थायलंडचं स्वप्न असेल तर मणिपूरच्या मोरे गावाहून निघा. त्या बाजूला काय चाललंय त्याच्या बातम्या वाचू नका. म्यानमारमध्ये १९७० पासून गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि थायलंडमध्ये शिरलं की परत डाव्या, पण आपल्याला काय फरक पडतो, साताऱ्यात पोवई नाक्यावर आपण दोन्ही बाजूंनी चालवतोच.

आणि हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे साहेबांनी सकाळी नवीन ग्रूप काढलाय, 'सातारा टू लंडन'. १९५७ साली लंडनहून कलकत्त्याला बस आली होती म्हणे, मग आपण का नाही. हो, आली होती, इराण-पाकिस्तानातून आली होती, आज जाऊन दाखव त्या रस्त्याने. चीनमधून जायचं तर सोबत तिथला गाईड, तिथलं तात्पुरतं लायसन, तिथली नंबरप्लेट. इराणला कार्ने लागतं, म्हणजे गाडी तिकडे विकून येणार नाही याची हमी, आणि त्यासाठी आधी डिपॉझिट किंवा गॅरंटी द्यावी लागते. गॅरंटी कोण देणार, मेहुणा?

बास झालं आता. सरळच बोलतो. लेका, तुला फिरायचं नाहीये, तुला फक्त निघायचंय. नारळ फोडायचा, फोटो काढायचा, स्टेटस ठेवायचं, आणि पुढचं सगळं दुसऱ्याने निस्तरायचं. आम्ही तिघांनी वर्षभराची रजा साठवली होती, एकाने बायकोशी भांडून पैसे काढले होते, आणि तुला एक कार्ड कपाटातून काढून पाकिटात ठेवणं झालं नाही. वर अजून 'अनुभव आला की' म्हणतोस. अनुभव तुला कुठे आला, तू तर लॉजवर झोपला होतास, गोरखपूरला कार्ड आणायला मी गेलो होतो. लंडनच्या ग्रूपमधनं मला काढ. आणि सोनौलीच्या लॉजचे तुझ्या वाट्याचे अठराशे रुपये अजून आले नाहीत, ते आज पाठव.