कान कापलेली सायकल

वडिलांची दहा गिअरची जुनी रेसर सायकल माळ्यावर पडली असेल, तर विकू नका. तिची सिंगल स्पीड, एकाच गिअरची, करा. म्हणजे वडिलांनी पगारातून चार पैसे बाजूला टाकून जे जे जास्तीचं घेतलं होतं, ते ते तुम्ही पदरचे पैसे घालून काढून टाकायचं.

आधी मडगार्ड, स्टँड, कॅरिअर भंगारात, किलोवर. सोलापुरात पाऊस पडतोच कुठं? पडलाच, तर पाठीवर उठणारा काळ्या मातीचा पट्टा नक्षी म्हणून मिरवा, चादरींचं गाव आहे आपलं.

मग पॅडलचा एक्सल. बहुतेक जुन्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप, म्हणजे एक्सल धरणारी आट्यांची वाटी, उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की सुटतो. पण मिस्त्रीला विचारणं हा कमीपणा. पान्यात पाइप घाला, वर उभे राहा आणि नेहमीच्या दिशेनं जोर लावून तो कप कायमचा घट्ट करा.

खरी मजा पुढं. फ्रेमला झाळलेले केबलचे कान, गिअरच्या दांड्यांची बोंडं, मागं डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा सांगाडा) अडकवायचा हुक, मडगार्ड-कॅरिअरच्या स्क्रूची भोकं. ‘सफाईदार लुक’ला हे सगळं खुपतं. नळीला चिकटपट्टी गुंडाळून कानशीनं घासत बसलात तर दोन रविवार जातील, म्हणून ग्राइंडर आणा. ठिणग्या बघून गल्लीतली पोरं गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम समजून धावत येतील. कान निघाला की खाली पितळेची पिवळी कड दिसते, तिथं हात आवरायचा असतो. तुम्ही आवरू नका. चांगल्या फ्रेमची नळी टोकांना जाड आणि मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते, पण ग्राइंडरला ते कुठं माहीत? मग नख वाजवून बघा, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला की काम फत्ते.

जुन्या फ्रेमची एक गोष्ट मात्र खरंच लाखाची. मागच्या चाकाची खाच आडवी असते, चाक मागं ओढलं की चेन ताणली जाते. तेवढी खाच अजून कुणी कापलेली नाही.

ब्रेकबद्दल मी बोलत नाही. सात रस्ता चौकात रिक्षावाले बोलतील.

रंग मॅट काळाच द्या. मे महिन्यात दुपारी नळीवर भाकरी शेकता येईल. आणि एके दिवशी घरून हुकूम सुटेल, दहा किलो जोंधळे दळून आणा. पिशवी हँडलला अडकवून डुलत डुलत मिस्त्रीकडे जा. दारात एक कॅरिअर टांगलेलं असेल, वडिलांनी खिळ्यानं कोरलेलं आद्याक्षर त्यावर अजून असेल. भाव विचारा. भंगारवाल्यानं दिले त्याच्या चौपट.

“बसवतो की मालक,” मिस्त्री म्हणेल, “पण स्क्रूची भोकं कुठं गेली बे हिची?”

मग स्वतःच तोड काढेल, “पट्ट्या आवळून बसवू. रंग जाईल तेवढा.”