ब्रिटनच्या शाळांतून ज्यूंच्या वंशसंहाराचा धडा वगळला गेलेला नाही

‘मुस्लिम विद्यार्थ्यांच्या भावना दुखावतात म्हणून ब्रिटनने ज्यूंच्या वंशसंहाराचा इतिहास अभ्यासक्रमातून काढून टाकला’ असा जो संदेश २००७ पासून पुन्हा पुन्हा फिरतो आहे, तो खरा नाही.

त्या वर्षी तेथील सरकारच्या अर्थसाहाय्याने हिस्टॉरिकल असोसिएशन या इतिहासाच्या अभ्यासाला व अध्यापनाला वाहिलेल्या संस्थेने वादग्रस्त इतिहासाच्या अध्यापनावर एक अहवाल प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांच्या ज्यूविरोधी भावनांना तोंड द्यावे लागेल या धास्तीने उत्तर इंग्लंडमधील एका शाळेच्या इतिहास विभागाने हा विषय सोळाव्या वर्षाच्या परीक्षेसाठीच्या प्रकल्पाकरिता निवडण्याचे टाळले, अशी नोंद त्यात होती. या एका नोंदीचा पुढे ‘संपूर्ण देशाचा निर्णय’ झाला. इतकेच नव्हे, तर ‘यूके’ ही अक्षरे केंटकी विद्यापीठाची समजली गेल्याने अमेरिकेतील त्या विद्यापीठालाही नाहक खुलासा करावा लागला.

वस्तुस्थिती अशी की, इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ११ ते १४ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय अनिवार्य आहे. २०१४ पासून लागू असलेल्या आराखड्यात १९०१ नंतरच्या कालखंडातील इतर विषय केवळ उदाहरणादाखल सुचवलेले आहेत, बंधनकारक म्हणून नाव आहे ते याच एका विषयाचे. अकादमी प्रकारच्या, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्थानिक प्रशासनाच्या नियंत्रणाबाहेरच्या शाळांना मात्र हा अभ्यासक्रम कायद्याने बंधनकारक नाही, हेही सांगितले पाहिजे.

एका विभागाची ती माघार चुकीचीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण साठ लाख ज्यूंच्या हत्येची आठवण करून देताना खोट्याचा आधार घेऊन दुसऱ्या समाजावर ठपका ठेवणे मला तितकेच गैर वाटते.