श्रवणसेवेची राष्ट्रीय योजना: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

श्रवणसेवेची राष्ट्रीय योजना म्हणजे श्रवणयंत्रे विकणाऱ्या कंपन्यांची सोय, असे सांगणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. बहिरेपण हा म्हातारपणाचा भाग आहे, यंत्राने कान आळशी होतात, अधूनमधून शिबिर घेतले की पुरे आणि मूल प्रतिसाद देत नसेल तर तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी, असा त्याचा मजकूर आहे. माझ्या भाचीच्या तान्ह्या बाळाच्या कानांची फेरतपासणी ठरलेली असताना घरच्याच मंडळींनी तो तिला पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

‘वाट पाहा’ हा सल्ला यातला सर्वांत घातक. तान्ह्या बाळाला ऐकू येते की नाही, हे लगेच तपासता येते: बाळ झोपेत असताना कानात बारीक प्रोब ठेवून ध्वनी सोडतात आणि अंतर्कर्णातून परत येणारा सूक्ष्म प्रतिसाद टिपतात; काम काही मिनिटांचे. कानात द्रव राहिल्यानेही हा प्रतिसाद मिळत नाही, म्हणून चाचणी पुन्हा करायची आणि शंका उरल्यास बेरा चाचणीने, म्हणजे आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजून, निदान पक्के करायचे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, मग ती श्रवणयंत्राची असो वा खुणांच्या भाषेची, हा क्रम उगाच ठरलेला नाही. भाषेचा पाया याच काळात घातला जातो. तपासणी एका ठिकाणी, बेरा दुसरीकडे आणि पाठपुरावा कोणाकडेच नाही, अशा व्यवस्थेत बाळे मध्येच गळतात. योजना लागते ती हे दुवे जोडायला.

बहिरेपण केवळ म्हातारपणाचे असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात पुनर्वसनाची गरज असलेल्या सुमारे ४३ कोटी लोकांमध्ये ३.४ कोटी मुले मोजली गेली नसती. मुलांमधील सुमारे ६० टक्के श्रवणदोषांमागची कारणे टाळता येण्याजोगी आहेत, असेही हा अहवाल सांगतो. रुबेलाची लस टोचण्यात किंवा फुटक्या कानावर वेळेत इलाज करण्यात कोणत्या यंत्रकंपनीचा फायदा होतो, हे संदेशकर्त्यानेच सांगावे. कान आळशी होण्याच्या गोष्टीला आधार नाही, एवढेच पुरे.

शिबिरात वाटलेली कित्येक यंत्रे कपाटात पडून राहतात, हे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. कानाच्या मापाचा साचा घेतलेला नसतो, ऑडिओग्रामनुसार, म्हणजे कोणता आवाज किती ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखानुसार, यंत्राचा आवाज बसवलेला नसतो, बॅटरी संपली की पुढे कोणाकडे जायचे हे ठाऊक नसते. पण हा दोष शिबिराचा आहे आणि संदेश तर शिबिरच पुरे म्हणतो. किती यंत्रे वाटली याऐवजी सहा महिन्यांनी किती वापरात आहेत हे मोजण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकायची, तर ती आधी योजनेत लिहावी लागते.