धुराची गाडी नको, दोन माणसं द्या

आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: फॉगिंग कधी? पलीकडच्या आळीत डेंग्यूचे पेशंट निघाले, एकाच्या प्लेटलेट्स खाली आल्या, आणि लोकांनी नगरसेवकाच्या मागे लागून शेवटी धुराची गाडी आणवलीच. गाडी आली तशी पोरं मागे धावली, म्हाताऱ्यांनी खोकत खोकत दारं-खिडक्या लावून घेतल्या, आणि ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं आधी हिवतापाच्या आणि मग डेंग्यूच्या कामात गेली. म्हणून स्पष्टच सांगतो, राग मानू नका. तो धूर तुमच्या समाधानासाठी होता. डासांचं त्यानं फारसं काही बिघडलेलं नाही.

धुरात असतं काय? डिझेलमध्ये मिसळलेलं मॅलॅथिऑन किंवा पायरेथ्रॉइड गटातलं एखादं औषध. त्याचा बारीक थेंब उडत्या डासाला लागला तर डास मरतो. धूर विरला की खेळ खलास. अळी पाण्यात असते, तिला काही होत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात, त्यांना तर नाहीच नाही. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती बसतो कुठे? पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीला टांगलेल्या गडद कपड्यांत. म्हणजे ज्या खिडक्या आपण गाडी बघून घाईघाईनं लावल्या, त्यांच्या आत.

रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत शिरून केलेल्या फवारणीला अर्थ असतो, कारण विषाणू घेतलेल्या माद्या तिथेच आसपास असतात. एडिस फार लांब जाणारा डास नाही. बहुतेकांचं आयुष्य शे-दोनशे मीटरच्या टापूत संपतं. जागतिक आरोग्य संघटनाही धूर फवारणी साथीच्या आणीबाणीपुरतीच ठेवायला सांगते. बातमीसोबत फोटो छापून येतो म्हणून पंधरा दिवसांनी गाडी फिरवणं, हे आम्हाला तरी कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

दुसरा गोंधळ गटाराचा. डेंग्यूचा पेशंट निघाला की लोक उघड्या गटाराचे फोटो टाकतात. गटार साफ व्हायलाच हवं. पण तिथला डास मुख्यतः क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो, झोपेचं खोबरं करतो, हत्तीरोगही पसरवतो. डेंग्यू त्याच्या खात्यावर टाकू नका. एडिसला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. टेबलाखाली घोट्याला चावून जातो, पत्ता लागत नाही. म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीनं हिवताप टळेल, डेंग्यू टळेलच असं नाही. दिवसा झोपणाऱ्या तान्ह्या बाळाला मात्र दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. आणि शहरी हिवताप पसरवणारा डास, ॲनाफिलीस स्टिफेन्सी, तर सरळ गच्चीवरच्या टाकीत आणि विहिरीत राहतो. ‘घाण तिथे डास, डास तिथे डेंग्यू’ हे समीकरण सोयीचं आहे, कारण घाण नेहमी दुसऱ्याच्या दारात असते.

आमच्या भाषेत कंटेनर सर्वे म्हणजे बॅटरी घेऊन घरोघर पाणी साठलेली भांडी तपासणं. अळी सापडली की भांडं ‘दूषित’. शंभर घरांमागे किती भांडी दूषित, तो ब्रेटो निर्देशांक. पाचच्या खाली असला तर जरा हायसं वाटायचं, पन्नासच्या वर गेला की साहेबांचे फोन सुरू.

आता अळ्या सापडायच्या कुठे ते ऐका. फ्रीजच्या मागचा ट्रे. तिथे ट्रे असतो हेच निम्म्या घरांत माहीत नसतं. कुंडीखालची बशी, शोकेसमधल्या बाटलीतला मनी प्लांट, गच्चीत झाकण उडालेली टाकी, एसीच्या पाण्याखाली ठेवून विसरलेली बादली. पावसाळी शेडवर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीला पडलेली खोळ. पानं साठून तुंबलेली पन्हळ. वाडीत गेलात तर पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, नारळाच्या करवंट्या, कलमांसाठी कापून ठेवलेले डबे. खाली दोडामार्गाकडे रबराच्या झाडांना बांधलेल्या वाट्या: चीक काढणं थांबलं की त्या पावसानं भरतात. बागायतीत एडिस अल्बोपिक्टस भेटतो, तोही डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवू शकतो.

आणि कोकणातली खास गोष्ट म्हणजे चाकरमान्यांची बंद घरं. मे महिना संपला की कुलूप लागतं ते गणपतीला उघडतं. मधल्या काळात मागल्या दाराचा हौद, फ्लशची टाकी, कमोड, सगळीकडे पाणी उभं. कोणी ओतणारं नाही, कोणी वापरणारं नाही. गावात सगळं धुंडाळूनही डास कमी होत नसले की आम्ही आधी कुलपं शोधायचो. मुंबईकरांनो, निघताना हौद कोरडा करून झाकता येत नसेल, तर निदान चावी शेजारच्या काकींकडे देऊन ठेवा. कमोडचं झाकण बंद करा, वर प्लास्टिक चिकटवा.

धो धो पावसात डास वाढतात असं लोकांना वाटतं. मुसळधार पाऊस उलट पुष्कळ अळ्या वाहून नेतो. आम्हाला धास्ती असायची उघडिपीची. चार सरी पडल्या, ऊन आलं, हवा दमट राहिली की अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हे गणित तिथून आलंय. दहा दिवसांनी पाळलात तर पाळला काय आणि नाही काय.

त्यातली खरी मेख मात्र बहुतेक पोस्टरवर नसते. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला चिकटवते. पिंप ओतून दिलंत तरी अंडी तिथेच. ती कोरडी पडून कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. उन्हाळाभर पालथा पडलेला टायर जूनमध्ये उताणा झाला की त्यात अळ्या दिसतात त्या अशा. तेव्हा नुसतं पाणी ओतून भागत नाही. काथ्यानं आतून घासायचं, आणि तळापेक्षा काठाशी जास्त. अळ्यांचं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचं. काम दहा मिनिटांचं आहे, पण त्याचा कोणी फोटो काढत नाही.

आता जरा बोचणारं. वस्तीत, चाळीत आम्हाला कधी कोणी अडवलं नाही. चहा घेऊन जा म्हणायचे. अडवलं ते बंगल्यांनी आणि नव्या टॉवरवाल्यांनी. फाटकाबाहेर उभं करून “आमच्याकडे सगळं क्लीन असतं” हे ऐकवायचं, आणि आतून कारंज्याचा आवाज यायचा. आशाताईंना तर वॉचमनच परत पाठवतो. हे आजचं नाही. मुंबईत हिवतापाची चौकशी करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ सालच्या अहवालात शहरातला हिवताप घरोघरच्या विहिरींतल्या स्टिफेन्सीमुळे आहे असं मांडलं, तेव्हा विहिरी बुजवायला आणि झाकायला विरोध झाला. त्यात धर्मभावना होती, मालकीचा प्रश्नही होता. पालिकेनं तरीही विहिरी आणि टाक्यांच्या मागे लागणं सोडलं नाही. आजही मुंबईत घरात अळ्या सापडल्या तर पालिका कायद्यानं नोटीस देते. आमच्यासारख्या छोट्या गावात नोटीस द्यायची तर संध्याकाळी त्याच माणसाशी बाजारात गाठ पडते.

पण सगळा दोष घरमालकाच्या माथी मारणंही मला पटत नाही. ज्याच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, त्याला आठवड्याला पिंप कोरडं कर म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. तो साठवणारच. पाणी रोज आलं तर निम्मी पिंपं आपोआप दारातून जातील, आणि हे काम आरोग्य खात्याचं नाही, पाणीपुरवठ्याचं आहे. तोवर पिंपाला घट्ट झाकण, नाहीतर जुन्या सुती साडीचा तुकडा करकचून बांधा. सैल बांधलात तर खोळीतच पाणी साठतं आणि डासांची सोय होते. आमचे लोक पिंपात टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध टाकतात, त्याला लोक वासामुळे नाकं मुरडतात आणि पाठ फिरली की ओतून देतात. ठरलेल्या मात्रेत टाकलं तर त्यानं अपाय होत नाही. ओतायचंच असेल तर पिंप घासून तरी घ्या.

म्हणून नगरपालिकेकडे माझी मागणी वेगळी आहे. गाडीचं डिझेल आणि औषध यांवर जो खर्च होतो, त्यातून पावसाळ्याचे चार महिने प्रभागाला दोन माणसं रोजंदारीवर द्या. बॅटरी, डबा, वही आणि ओळखपत्र. दर आठवड्याला प्रत्येक घर, बंद घरांची वेगळी यादी, आणि दूषित घरांचा आकडा प्रभागाच्या फलकावर. नावं नकोत, आकडा पुरे. रिकामी पदं भरायची गोष्ट मी मुद्दाम काढत नाही, रक्तदाब वाढतो.

बाजारातल्या उपायांबद्दल थोडक्यात. कॉइल बंद खोलीत लावू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं. कडुनिंबाची धुरीही शेवटी धूरच, दम्याच्या माणसाजवळ नको. अल्ट्रासॉनिक यंत्र विकत घेण्यापेक्षा त्या पैशांत खिडकीला जाळी मारा. त्या यंत्रांनी डास चावायचे थांबतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा वोल्बाकिया जिवाणू सोडलेल्या डासांची बातमी मला दर पावसाळ्यात कोणीतरी पाठवतं. ती खरी आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला, आणि आपल्याकडे डासांवर संशोधन करणाऱ्या पुदुच्चेरीच्या संस्थेनंही तसे डास तयार केलेत. आपल्या गावात ते येतील तेव्हा येतील. फ्रीजचा ट्रे आज आहे.

आणि संडासच्या व्हेंट पाईपच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधली नसेल तर बांधा. सेप्टिक टँकमधल्या क्युलेक्सची बाहेर पडायची ती मोठी वाट आहे.

विहीर किंवा मोठा हौद असेल आणि उपसणं शक्य नसेल, तर गप्पी मासे मागायला जवळच्या आरोग्य केंद्रात जा. बऱ्याच केंद्रांच्या आवारात पैदास टाकी असते. बादली आपली न्या, पाणी तिथलंच घ्या, आणि क्लोरीन टाकलेल्या ताज्या पाण्यात लगेच सोडू नका, मरतात. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर काही मासे आधी काढून ठेवा. नदीत, ओढ्यात, तळ्यात मात्र सोडू नका. तिथले स्थानिक मासे अळ्या खातातच, आणि गप्पी बाहेरून आलेला असल्यानं त्यांच्या जिवावर उठतो. कोणाला हवे असतील तर कमेंटमध्ये आळीचं नाव लिहा. रविवारी आरोग्य केंद्रात माझी फेरी आहे.